सुधारित आराखडा

एप्रिलात सिव्हिल लाइन्समधल्या त्या खोलीत
कूलरच्या ओल्या खसाचा वास
आणि टेबलावर पारशिवनी तालुक्याचा एक तुकडा,
एकास दहा हजार.

मी आरेखक. वर्ग तीन.
ठिकाणं दुसरे निवडतात, मी चिन्हं लावतो.
तंबू म्हणजे मुक्काम. दुर्बीण म्हणजे पक्षी.
कप म्हणजे अल्पोपाहार केंद्र,
बचत गटामार्फत, अनुदान पंचाहत्तर टक्के.

कोरंबीटोल्याचा कप मी तलावात लावला.
म्हणजे, खालचा फोटो उन्हाळ्यातला होता,
मालगुजारी तलाव पार आटलेला,
पिवळी जमीन दिसत होती,
सपाट, मोकळी, कुणाच्याच नावावर नसल्यासारखी.
आणि साडेपाचची स्टाफ बस
हॉर्न वाजवत होती.

सादरीकरण झालं.
समितीनं तंबूचा रंग बदलायला सांगितला.
कपाबद्दल कुणी बोललं नाही.

गावातल्या सभेत नकाशा समाजमंदिराच्या भिंतीवर,
चार कोपऱ्यांना चार खिळे.
लोक खुर्च्यांवर, खुर्च्या भाड्याच्या.
फुलवंता मारबते बराच वेळ नकाशाजवळ उभी राहिली,
आधी कालवा शोधला, मग पाळ,
मग सावकाश बोट आणून कपावर ठेवलं.
"इथं तं कंबरभर पानी राह्यते जी, होळीपर्यंत.
आमी शिंगाडे लावतो इथं."
साहेब म्हणाले, सूचना नोंदवून घ्या.
मी नोंदवून घेतली.
माझं अक्षर चांगलं आहे.

पाऊस गेल्यावर फक्त पाटी आली.
केंद्र नाही; ठेकेदारानं शेरा मारला,
'जागा पाण्याखाली असल्याने काम सुरू करता येत नाही.'
पण पाटीचं बिल वेगळं होतं,
म्हणून वळणावर पाटी उभी: कप, बाण, तीनशे मीटर.

डिसेंबरात तपासणीला गेलो.
पाटीसमोरच मोहाच्या झाडाखाली
फुलवंताबाईची चूल,
घमेल्यात उकडलेले शिंगाडे,
त्यांच्यावर ओलं फडकं.
जंगल बघून आलेल्या जिप्सीतून
भुवयांवर धूळ घेतलेली माणसं उतरत होती,
बाणाच्या दिशेनं जात होती,
थोड्या वेळानं
बुटांना चिखल लावून परत येत होती.
"तिकडे काहीच नाही हो. नुसतं पाणी."
"हाव. बसा."

तिची वही बघितली.
पंचायत समितीत तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं:
नफा, तोटा, ग्राहकाशी हसून बोलणे.
हसण्याचं तिनं सोडून दिलेलं दिसलं.
रकाने मात्र पट्टीनं आखलेले.
दूध. साखर. शिंगाडे. उधार.
आणि शेवटी लाल पेनानं एक, प्रशिक्षणात न शिकवलेला:
बोर्ड.
"हे काय?"
"बान पाहून गेले अन् वापस आले, ते."
रविवारी एकतीस.

मी म्हणालो, चूक माझी आहे.
सुधारित आराखडा निघणार आहे,
त्यात कप इथं घेतो, बरोबर या झाडाखाली.
तिनं चहा गाळला. गाळणी आपटली.
"इथं आनला तं निविदा निघन नं?"
निघेल.
"मंग थे दुसऱ्यालेच भेटन."
आणि माझ्याकडे पाहिलं,
शाळेत गणित चुकलेल्या पोराकडे
बाई पाहतात तसं, फार रागानं नाही.

चहाचे दहा. मी वीस दिले.
दहा परत आले,
वर चार शिंगाडे, ते वहीत नाहीत.

आता पुन्हा तोच तुकडा टेबलावर.
तंबू हिरवा केला.
दुर्बीण जराशी उत्तरेला सरकवली,
तिथं खरंच पाणकावळे बसतात, मी पाहिले.
मग बारीक निब घेतलं,
आणि कपाच्या चारी बाजूंनी
तलावाची निळी रेघ
पूर्ण केली.